मदत हवी आहे: भावाच्या लग्नाला 19 दिवस उरलेत आणि माझ्या केसांची वाट लागली आहे

आधीच सांगते, "केसच ते, वाढतील" असं कुणी लिहू नका. नवरा, आई, शेजारच्या काकू, सगळ्यांचं सांगून झालंय. केस महिन्याला एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात हे मलाही माहीत आहे. म्हणजे लग्नापर्यंत जेमतेम पाऊण सेंटिमीटर.

झालं असं. माझे केस कुरळे, पाठीच्या मध्यापर्यंत. अकरा वर्षं कोपऱ्यावरच्या पार्लरवाल्या ताईंकडे कापते. त्या गावाला गेल्या होत्या आणि मला घाई सुटली होती, म्हणून मॉलमधल्या सलूनमध्ये गेले. "खालून दोन इंच काढा, बाकी हात लावू नका," एवढंच सांगितलं. मुलगा म्हणाला, "मॅडम, लेयर्स दिले की बाउन्स येईल." मी म्हटलं, "बरं, पण थोडेसेच." हे 'थोडेसेच' मला आयुष्यभर पुरणार आहे.

केस धुतले, ओलेच विंचरून सरळ ताणले आणि सुरुवात. माझा चष्मा काढून समोर ठेवलेला. नंबर उणे पाच. आरशात मला एक गुलाबी ढग आणि त्याच्यामागे एक काळा ढग एवढंच दिसत होतं. मग ब्लो ड्राय करून सगळे केस इस्त्री केल्यासारखे सरळ केले, चष्मा दिला, पाठीमागे आरसा धरला आणि विचारलं, "कसं वाटतंय?" सरळ केलेले, खांद्याच्या जरा खाली, चकचकीत. आखूड वाटले खरे, तरी मी "छान" म्हणाले. वर शंभर रुपये टिप दिली. बिल 1,850, त्यात मी न मागितलेला हेअर स्पा.

दुसऱ्या दिवशी न्हायले. वरचे केस आखडून कानांपाशी आले. आता वरती फ्लॉवरचा गड्डा आणि खाली तीन-चार शेपट्या असं ध्यान आहे. मुलगी म्हणाली, "आई, तू टोपी काढ ना." टोपी नव्हती.

मी करवली आहे. नऊवारी, अंबाडा, गजरा असं सगळं ठरलेलं. कऱ्हा घेऊन नवरदेवाच्या मागे उभं राहायचं म्हणजे प्रत्येक फोटोत मी असणारच, त्यातून आमच्याकडचे फोटोग्राफर मागूनही काढतात. तर सांगा, या केसांचा अंबाडा होईल का? सलूनवाले "फ्री करेक्शन करून देतो" म्हणतायत, जाऊ का? आणि एक मैत्रीण म्हणते केराटिन करून टाक, सरळ झाले की लांबी दिसेल. करू का?

बटवेडी: पहिलं म्हणजे करेक्शनला अजिबात जाऊ नका. करेक्शन म्हणजे जे लांब राहिलेत ते आखूड केसांच्या बरोबरीला आणणार. तुमच्या त्या तीन-चार शेपट्याच आता तुमचं भांडवल आहेत, त्यांच्यावरच अंबाडा उभा राहणार. आणि केस 'हलके' करायला दातेरी कात्री लावली तर कुरळ्या केसांचा पिंजारलेला कापूस होतो. माझा झालाय.

झालं काय तेही सांगते. ओला केस ताणला जातो, कोरड्यापेक्षा बराच लांब होतो. त्यात कुरळा असेल तर सुकल्यावर स्प्रिंगसारखा वर जातो. शिवाय प्रत्येक बट सारखी आखडत नाही, कपाळाजवळची वेगळी, मानेवरची वेगळी. म्हणून कुरळे केस कोरडे असताना, एकेक बट बघून कापतात. ओल्यात दोन इंच म्हणजे सुकल्यावर किती, ते देव जाणे.

गिरगावचा_आजोबा: थोडक्यात, ज्यांची हजामत बिनपाण्याने करायला हवी होती त्यांची पाण्याने झाली, तरी शेवटी बिनपाण्यानेच झाली! ताई, रागावू नका.

धागाकर्ती: आजोबा, तीन दिवसांत पहिल्यांदा हसले.

कोर्टकचेरी: टिप दिलीत, "छान" म्हणालात, आता भांडायला जागा कमी आहे, पण बिल आणि आधीचे-नंतरचे फोटो जपून ठेवा. न मागितलेल्या स्पाचे पैसे तरी परत मागा, लेखी. नाही दिले तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. एवढ्या छोट्या रकमेला शुल्कही नाही, वकीलही लागत नाही.

मोठ्या अपेक्षा मात्र ठेवू नका. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनचं प्रकरण आठवतंय? 2018 मध्ये बाईंनी खालून चार इंच कापायला सांगितले, तिथे वरून चार इंच तेवढे ठेवले. 2021 मध्ये राष्ट्रीय आयोगाने दोन कोटींची भरपाई दिली. सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये सलूनची चूक झाल्याचा निष्कर्ष कायम ठेवला, पण एवढ्या नुकसानीचा पुरावा कुठे आहे म्हणून रक्कम रद्द करून प्रकरण आयोगाकडे परत पाठवलं. मला त्यातली चार इंचांची गंमत कायम लक्षात राहिली. म्हणून मी न्हाव्याकडे आकडा सांगत नाही, बोटाने गळ्यापाशी खूण करतो.

नऊवारीवाली: कायद्याचं नंतर बघा हो, लग्न तोंडावर आलंय. अंबाडा होतो. माझे बॉबकट असताना बहिणीच्या लग्नात केलाय. गंगावन आणा, म्हणजे वरून जोडायचा केसांचा झुपका, तुळशीबागेत मिळेल. रंग दुकानात ट्यूबलाइटखाली बघू नका, बाहेर उजेडात येऊन केसांशी लावून बघा. मागे खाली जेवढे केस येतील तेवढ्यांची छोटी घट्ट शेपटी बांधायची, गंगावन तिथे अडकवायचं, गुंडाळायचं, वरून जाळी आणि भरपूर आकडे. मग गजरा गोल फिरवला की आत काय आहे ते वरमाईलाही कळत नाही. कानाजवळच्या आखूड बटांना ओढाताण करू नका, सुटतीलच. त्या मोकळ्याच ठेवा, नथीबरोबर छान दिसतात.

आदल्या दिवशी न्हाऊ नका. धुतलेले केस निसटतात.

बटवेडी: केराटिनचं राहिलं. करू नका. बऱ्याच केराटिनमध्ये गरम मशीन फिरवल्यावर फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतं, आणि ते कर्करोगकारक आहे. 'फॉर्मल्डिहाइड फ्री' लिहिलेल्यांत ग्लायऑक्झिलिक ॲसिड असलं तर त्यानंतर किडनीला इजा झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवल्यात. एका अंबाड्यासाठी कशाला? आणि गुळगुळीत केसांत आकडा टिकत नाही तो नाहीच.

धागाकर्ती: अपडेट. स्पाचे 600 रुपये परत मिळाले, फार भांडावं लागलं नाही. पार्लरवाल्या ताई गावाहून आल्या, डोकं बघून एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "चष्मा का काढलात?" कात्रीला हात लावायला त्यांनीही नकार दिला, लग्नानंतर या म्हणाल्या.

गंगावन आणलं. काल रंगीत तालीम केली, अंबाडा बसला, मान हलवून बघितली, पडला नाही. पण माझे कुरळे आणि ते सरळसोट. गरम चिमट्याने वळवू का?

नऊवारीवाली: नकली असेल तर वितळेल, आणि तुळशीबागेतलं बहुतेक नकलीच असतं. रात्री ओलं करून घट्ट वेण्या घाला, सुकल्यावर सोडा, थोडी लाट येईल. नाही आली तरी जाळीखाली कुणाला दिसतंय? आकडे मात्र दोन डझन घ्या. लग्नघरात निम्मे आकडे मावश्याच पळवतात.