न्यूयॉर्क–लॉस एंजेलिस: पाच-सहा तासांच्या विमानात बिछाना कोणासाठी?

हडसनकाठचा (धागाकर्ता)

अमेरिकेत देशांतर्गत 'फर्स्ट क्लास' म्हणजे एरवी जरा रुंद खुर्ची, बरं जेवण आणि फुकटची दारू. पण न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावरून लॉस एंजेलिस किंवा सॅन फ्रान्सिस्कोला निघा, पुढच्या भागात चक्क पूर्ण आडव्या होणाऱ्या सीट. काहींना तर सरकतं दारही. का? ठरलेलं उत्तर येतं, "लांबचा पल्ला आहे ना!"

मला हे कारण पटत नाही. जेएफके–लॉस एंजेलिस साधारण ३,९८० किलोमीटर. ऑर्लँडो–सिअ‍ॅटल त्याहून लांब, ४,१०० च्या आसपास. तिथल्या रोजच्या विमानांत बिछाना नसतो. ऑर्लँडोहून परतणारी बरीचशी मंडळी डिस्ने वर्ल्ड पाहून दमलेली, आणि चार तिकिटांचे पैसे एकाच खिशातून गेलेले. न्यूयॉर्क–लॉस एंजेलिसच्या एका टोकाला बँका, वकिलांच्या कंपन्या, जाहिरात संस्था. दुसऱ्या टोकाला स्टुडिओ. हॉलिवूडच्या कलाकार संघटनांच्या करारांत तर वरच्या वर्गाच्या प्रवासाची तरतूदच असते. म्हणजे बसणारा वेगळा, बिल भरणारा वेगळा. बिछाना किलोमीटर बघून लावत नाहीत, बिल कोणाच्या नावावर फाटतंय ते बघून लावतात.

मूळची_सांगलीची

अर्धवट सहमत. तुम्ही फक्त जातानाचं बोलताय, येतानाचं विसरलात. पश्चिमेहून रात्री दहाला निघालं की विमान पाच-सव्वापाच तासांत पोचतं, पण घड्याळ तीन तास पुढे पळालेलं असतं. सकाळी सव्वासहाला जेएफके, नऊला मीटिंग. त्या रात्री पाठ टेकायला मिळणं ही चैन नाही, गरज आहे.

आणि "कंपनीच पैसे भरते" हे जुनं झालं. पूर्वी देशांतर्गत पुढच्या खुर्च्या बहुतेक नेहमीच्या प्रवाशांना अपग्रेड म्हणून फुकट जायच्या. आता डेल्टासारख्या कंपन्या त्या मोठ्या प्रमाणात विकतात, आणि घेणाऱ्यांत घरची माणसंही असतात. माझे आई-बाबा भारतातून जेएफकेला उतरून पुढे सॅन फ्रान्सिस्कोला येणार होते. बाबांचे गुडघे बघून मीच काढली ती तिकिटं. बिल माझ्याच नावावर फाटलं!

हडसनकाठचा

ताई, आई-बाबांसाठी काढलंत ते उत्तमच. पण तुमच्या एका तिकिटावर वेळापत्रक उभं राहत नाही. रात्रीचं म्हणाल तर सिअ‍ॅटलहून ऑर्लँडोलाही रात्रीची विमानं सुटतात. तिथल्यांना झोप येत नाही का?

युनायटेड या विमान कंपनीचंच बघा. २००४ पासून त्यांची जेएफकेहून 'पी.एस.' नावाची खास सेवा होती. २०१५ मध्ये ती नेवार्क विमानतळावर हलवली. आम्हा न्यू जर्सीकरांची सोय झाली, पण कंपनीला ते महागात पडलं. पुढे त्यांचे वरिष्ठ अधिकारी स्कॉट कर्बी जाहीरपणे म्हणाले की जेएफके सोडणं ही चूक होती. ते मार्ग एकेकटे तपासले तर तोट्याचे दिसत होते, पण त्यांच्यासोबत मोठ्या कॉर्पोरेट ग्राहकांची सगळी उलाढालच प्रतिस्पर्ध्यांकडे गेली. बँकेचा साहेब लॉस एंजेलिसला ज्या कंपनीने जातो, तिच्याशीच बँक लंडनचाही करार करते. हा बिछाना त्या करारासाठी आहे.

मागच्या_रांगेतला

सगळे पुढच्यांचंच कौतुक करताय. अमेरिकन एअरलाइन्सने २०१४ मध्ये या मार्गांसाठी एअरबस ए३२१ ची खास मांडणी आणली: १० फर्स्ट, २० बिझनेस आणि मागे ७२. एकूण १०२! त्याच विमानात एरवी १८० च्या वर माणसं बसतात. जेएफकेवर उड्डाणांच्या वेळा मोजक्या, आणि त्यातल्या विमानांत माणसं निम्म्याला टेकलेली. मागचं तिकीट स्वस्त कसं होणार? शिवाय इंधन तर जवळपास तेवढंच जळतं, मग माणशी धूर किती झाला? याला मी तरी सेवा म्हणणार नाही, जागा अडवणं म्हणेन.

हिशेबनीस

रागावू नका, आकडे मांडू. त्याच वर्षी, जूनमध्ये, जेटब्लू या विमान कंपनीने 'मिंट' हा बिछान्यांचा वर्ग सुरू केला. त्यांच्या साध्या ए३२१ मध्ये तेव्हा १९० सीट, मिंटवाल्यात १५९; त्यातल्या १६ मिंट आणि १४३ साध्या. म्हणजे १६ बिछान्यांनी ४७ साध्या खुर्च्यांची जागा घेतली, एकाला जवळजवळ तीन. मिंटचं सुरुवातीचं एका बाजूचं भाडं ५९९ डॉलर. त्याला तीनने भागा, २०० डॉलर. मागची खुर्ची सरासरी दोनशेच्या खाली जात असेल तर तिच्याऐवजी बिछाना लावणं फायद्याचं. खाणंपिणं आणि जादा माणसांचा खर्च धरला तर गणित थोडं हलेल, उलटणार नाही.

आता यात मागच्यांचा तोटा कुठे? जेटब्लू येण्याआधी जुन्या कंपन्या या बिछान्यांना एका बाजूचे दोन-दोन हजार डॉलर लावत. स्पर्धा आली आणि पुढचं भाडं उतरलं.

मागच्या_रांगेतला

वा! म्हणजे पुढच्यांचं भाडं उतरलं. तुमच्या त्या ४७ जणांचं काय, ते कुठे बसले?

हिशेबनीस

दुसऱ्या विमानात. पुढच्या १६ जणांच्या जोरावर दिवसाला जास्त फेऱ्या परवडतात, त्यात. पण पुढचे मागच्यांना पोसतात असंही मी म्हणत नाही. १९८७ मध्ये 'एमजीएम ग्रँड एअर'ने याच न्यूयॉर्क–लॉस एंजेलिस मार्गावर फक्त श्रीमंतांची विमानं उडवून बघितली. नट-नट्या, आलिशान बैठका, सगळा थाट. टिकली नाही. मागची गर्दी नसेल तर मंदीच्या वर्षात पुढच्या सीट कंपनीला तारत नाहीत. आणि तुम्ही म्हणता ती १०२ वाली मांडणीसुद्धा अमेरिकन आता मोडीत काढतेय. दहा जणांचा वेगळा फर्स्ट त्यांनाही जड झाला.

कोथरूडचा_आगाऊ

धाग्याला फाटा फोडतोय, माफी असावी. अंतराचा संबंध नाही याला आपल्याकडचाच पुरावा आहे. इंडिगो इतकी वर्षं एकाच वर्गावर चालली. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'स्ट्रेच' नावाने १२ मोठ्या खुर्च्या बसवल्या, त्या पहिल्यांदा कुठे? दिल्ली–मुंबई! दोन-सव्वादोन तास. जेवणाचा ट्रे उचलेपर्यंत पट्टा बांधायची घोषणा होते. तेव्हा भाडं १८,०१८ रुपयांपासून. दिब्रुगडला जाणाऱ्याला नाही आठवलं कोणी.

मूळची_सांगलीची

पण तिथे बिछाना नाही ना, नुसती मोठी खुर्ची! म्हणजे अंतराचा थोडा तरी संबंध आला की नाही? वर्ग ठेवायचा की नाही हे गिऱ्हाईक ठरवतं, खुर्ची किती आडवी व्हावी हे तास ठरवतात. दोन तासांच्या मार्गावर कोणी दार लावलेला बिछाना देऊन दाखवावा, मग मी धागाकर्त्याचं सगळं मान्य करीन.

हडसनकाठचा

हा मुद्दा चांगला आहे, तास किती यावर खुर्चीचा प्रकार ठरतो हे मान्य. पण सिअ‍ॅटल–ऑर्लँडोचे तास कमी नाहीत, ते अजून कोणी सोडवलेलं नाही.

एक अवांतर. मॅनहॅटनच्या साहेबाला खरं तर लाग्वार्डिया विमानतळ जवळ. पण १९८४ पासून तिथून शनिवार आणि डेन्व्हर वगळता १,५०० मैलांपलीकडे थेट विमान नेता येत नाही. त्यामुळे पश्चिम किनाऱ्याचा सगळा पैसेवाला प्रवासी जेएफके आणि नेवार्क या दोनच दारांतून जातो. एकाच ठिकाणी इतकं गिऱ्हाईक जमल्यावर सगळ्यांनीच बिछाने मांडले.

मागच्या_रांगेतला

तो नियम उठवा, आम्ही लाग्वार्डियाहून बसून जाऊ. सांगलीच्या ताई, पुढच्या वेळी आई-बाबांना दिवसाचं विमान बघा आणि मागच्याच भागातली जादा पायजागेची सीट घ्या. गुडघ्यांना तेवढी पुरते. बिछान्याचे पैसे परतीच्या रात्रीसाठी ठेवा.