ताप आल्याचे कळवावे की लग्नाचे खरे सांगावे?

भारतातल्या लग्नासाठी मुलांची शाळा बुडवायची असेल तर 'ताप आला म्हणून कळवा, भारतात जाऊन या, शाळा काही विचारत नाही' असा सल्ला दिला जातो. इंग्लंडपुरता तरी तो मला पटत नाही, आणि त्यामागे नीतीपेक्षा नियमाचे कारण अधिक आहे. शाळेची टर्म चालू असताना मुलांना रजा देण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना अपवादात्मक परिस्थितीत असतो. मात्र पालकांचा अर्ज आधी आलेला असावा लागतो, मागाहून ती रजा मंजूर करता येत नाही. म्हणजे आजारपणाचे कारण एकदा पुढे केले की खरी रजा मिळण्याची वाट आपणच बंद करतो. शिवाय आजाराबद्दल खरोखर शंका आली तर शाळा पुरावा मागू शकते, आणि मुले आजीकडच्या गमती वर्गात सांगणारच.

विनापरवानगी गैरहजेरीबद्दल पालकांना होणाऱ्या दंडाचे गणितही पाहायला हवे. हजेरीसाठी अर्धा दिवस म्हणजे एक सत्र धरतात आणि दहा शालेय आठवड्यांत अशी 10 विनापरवानगी सत्रे, म्हणजे पाच दिवस, भरले की दंडाचा विचार होतो. ऑगस्ट 2024पासून तो प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला 160 पौंड आहे. 21 दिवसांत भरल्यास पहिल्या वेळी 80. आम्ही दिराच्या लग्नासाठी पत्रिका जोडून सरळ अर्ज केला, तेव्हा लग्नापुरतीच रजा मंजूर झाली. उरलेले दिवस विनापरवानगी लागले, परंतु ते मर्यादेच्या आत असल्याने दंड झाला नाही, आणि मुलीला शाळेत काही लपवावे लागले नाही.