मदत हवी आहे: ४ नंबर मागवला, भलतंच पुस्तक आलं. परत करू का?

धनुकली
अंकल मालिकेचा ४ नंबर एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवला होता. काल पार्सल आलं, उघडलं तर आत भलतंच पुस्तक. फोन केला तर तो म्हणतो, "तुम्ही ४ नंबर मागितला, मी ४ नंबर पाठवला, मुखपृष्ठ बघा." मुखपृष्ठावर ४ आहे हे खरं. पण नेटवरच्या यादीत ४ नंबरला वेगळं नाव आहे. यादी चुकीची की पुस्तक बनावट? परत करायची मुदत आज संध्याकाळपर्यंतच आहे. जाणकारांनी कृपया लवकर सांगा. १, २, ३ घरी आहेत, पुढचं हवंय.

कोकणकडा
अंकल मालिका म्हणजे नक्की कुठली? लेखक, प्रकाशक, भाषा, कशाचाच पत्ता नाही. आलेल्या पुस्तकाचं नाव तरी लिहा.

गिरगावकर_जुना
'द मॅन फ्रॉम अंकल' म्हणत असणार. अमेरिकेत १९६४ ते १९६८ चाललेली हेरमालिका. रॉबर्ट वॉन म्हणजे नेपोलियन सोलो, डेव्हिड मॅकॅलम म्हणजे इल्या कुर्याकिन, आणि लिओ जी. कॅरोल त्यांचे साहेब मिस्टर वेव्हर्ली. शिंप्याच्या दुकानातल्या कपडे बदलायच्या खोलीतून 'अंकल' या हेरसंघटनेच्या गुप्त कचेरीत शिरायचं! शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिकन आणि रशियन हेर खांद्याला खांदा लावून काम करतात, ही कल्पनाच त्या काळी केवढी धाडसाची होती. सोलो हे नाव इयन फ्लेमिंगने सुचवलेलं.

धनुकली
हो, तीच. पण मला मालिकेची माहिती नकोय, पुस्तकाचं सांगा.

शिशिरऋतू
पुस्तक म्हणजे कादंबरी, कॉमिक की मासिक? तिन्हींमध्ये ४ नंबर आहे. गोल्ड कीने १९६५ ते १९६९ मध्ये २२ कॉमिक्स काढली. मासिकाचे १९६६ ते १९६८ मध्ये २४ अंक निघाले, त्यातल्या कादंबरिकांवर रॉबर्ट हार्ट डेव्हिस हे नाव असे. ते टोपणनाव, त्यामागे लिहिणारे वेगवेगळे. नुसतं '४ नंबर' म्हटलं तर विक्रेता तरी काय करणार?

धनुकली
कादंबरी. खिशात मावेल एवढी.

पानसुपारी
एवढा खटाटोप कशाला? २०१५ मध्ये गाय रिचीने यावरच सिनेमा काढला, तो बघा. दोन तासांत सगळं कळतं. अशी पुस्तकं म्हणजे टीव्हीवर दाखवलेला भाग पुन्हा कागदावर उतरवलेला असतो, त्यात नवीन काही नसतं.

शिशिरऋतू
पानसुपारी, हे साफ चूक आहे. एस बुक्सने अमेरिकेत २३ कादंबऱ्या काढल्या आणि त्यांची कथानकं स्वतंत्र आहेत, टीव्हीच्या भागांवरून उतरवलेली नाहीत. शिवाय टीव्हीवर जे कधी सांगितलंच नाही ते पुस्तकांत आहे. 'थ्रश' या शत्रूसंघटनेच्या नावातली अक्षरं कशाची, याचा मालिकेत शेवटपर्यंत पत्ता नाही. डेव्हिड मॅकडॅनियलने 'द डॅगर अफेअर'मध्ये त्याची फोड दिली: टेक्नॉलॉजिकल हायरार्की फॉर द रिमूव्हल ऑफ अनडिझायरेबल्स अँड द सब्जुगेशन ऑफ ह्युमॅनिटी. आणि संघटनेचं मूळ नेऊन भिडवलं थेट शेरलॉक होम्सच्या मोरियार्टीपर्यंत! आज चाहते ही फोड मालिकेतलीच असल्यासारखी सांगतात.

धनुकली
यादीत ४ नंबरला हेच 'डॅगर' आहे! मला तेच हवं होतं. आलंय मात्र 'द स्टोन-कोल्ड डेड इन द मार्केट अफेअर', लेखक जॉन ओरॅम. आता सांगा, परत करू ना?

ट्रेंटनकर
थांबा, घाई करू नका. मुखपृष्ठावर किंमत कशी छापलीय, सेंटमध्ये की शिलिंगमध्ये? प्रकाशक कोण? आणि घरातली १, २, ३ कुठल्या प्रकाशनाची आहेत?

गिरगावकर_जुना
आमच्या वेळी फाउंटनच्या फुटपाथवर या मालिका ढिगाने मिळायच्या. ढीग उपसताना बोटं काळी व्हायची. पण खरं सांगू का, मराठीत आमच्याकडे बाबुराव अर्नाळकर होते. झुंजार आणि काळा पहाड वाचलेल्या माणसाला सोलो-कुर्याकिनचं फारसं अप्रूप नव्हतं. हजारावर रहस्यकथा एका माणसाने लिहिल्या! आज त्या मिळवायला जीव काढावा लागतो. त्यावर कुणी धागा काढत नाही.

वाचनवेडी
गिरगावकर, तुम्हीच काढा ना धागा, मी नक्की लिहीन. आजोबांकडे काही प्रती आहेत. धनुकली, पुस्तक जुनं आहे, आधी उन्हात ठेवू नका, कागद ठिसूळ होतो. कपाटात कडुनिंबाचा वाळवलेला पाला ठेवा, कसर लागत नाही.

कोकणकडा
पाल्याने काही होत नाही हो, आमच्याकडच्या दमट हवेत तर नाहीच. डांबरगोळ्या ठेवा.

वाचनवेडी
डांबरगोळ्यांचा वास पानांत बसतो तो वर्षानुवर्षं जात नाही. आणि घरात लहान मूल असेल तर त्या धोक्याच्या.

धनुकली
कृपया वाळवी-कसरीचं वेगळीकडे बोला. ट्रेंटनकर, मागच्या बाजूला शिलिंग-पेन्समध्ये किंमत आहे, प्रकाशक फोर स्क्वेअर. घरातली तिन्हीसुद्धा फोर स्क्वेअरचीच. बाबांनी कॉलेजात असताना मुंबईत घेतलेली. १ 'थाउजंड कॉफिन्स', २ 'डूम्सडे', ३ 'कोपनहेगन'.

ट्रेंटनकर
मग पुस्तक अस्सल आहे, यादीही बरोबर आहे आणि विक्रेताही खोटं बोललेला नाही. तुमच्याकडचा संच ब्रिटिश आहे आणि तुम्ही बघताय ती यादी अमेरिकन. पहिली तीन पुस्तकं दोन्हीकडे त्याच क्रमाने आहेत, म्हणून आजवर शंका आली नाही. चौथ्यापासून वाटा फुटतात. ओरॅम ब्रिटिश लेखक, हे पुस्तक वेल्समध्ये घडतं. ते आणि पीटर लेस्लीचं 'फिंगर इन द स्काय' ब्रिटनमध्ये १९६६ लाच आलं. अमेरिकेत एसने ही दोन अगदी शेवटी, २२ आणि २३ नंबरला घेतली. ब्रिटनमध्ये एकूण १६ च निघाली, त्यामुळे नंबर लावून संच जुळवायला गेलात की फसणार.

माझ्याकडे एसच्या बऱ्याच प्रती आहेत. सुरुवातीची पुस्तकं ओळखायची खूण सोपी: मुखपृष्ठावर 'जी' अक्षर आणि त्यापुढे तीन आकडे, किंमत ५० सेंट. ते 'जी' म्हणजेच ५० सेंट किमतीची खूण. विक्रेत्याकडून त्याचा फोटो मागवत जा. आणि मागताना नंबर सांगूच नका, नाव आणि लेखक सांगा.

पानसुपारी
म्हणजे बाबांच्या संचात पुढचं पुस्तक खरं तर हेच आहे. मग परत कशाला करायचं?

धनुकली
पण मला 'डॅगर' वाचायचं होतं ना. क्रम चुकला तर गोष्ट कळेल का?

शिशिरऋतू
कळेल. प्रत्येक कादंबरी स्वतंत्र आहे. फक्त मॅकडॅनियलची आपापल्या क्रमाने वाचा. 'डॅगर'मध्ये वॉर्ड बाल्डविन नावाचा सॅन फ्रान्सिस्कोचा थ्रशप्रमुख येतो, तो पुढे 'हॉलो क्राउन'मध्ये पुन्हा भेटतो. 'डॅगर'ची गंमत अशी की तिसराच शत्रू उभा राहतो आणि अंकल-थ्रशला हातमिळवणी करावी लागते. माझ्या मते या मालिकेत वाचण्यासारखा लेखक एकच, मॅकडॅनियल.

ट्रेंटनकर
एकच? हे मला मान्य नाही. पीटर लेस्लीचं 'रेडिओअॅक्टिव्ह कॅमल' वाचून मग बोला. आणि पहिलं पुस्तक मायकेल अॅव्हलोनचं आहे, ते गाजलं नसतं तर पुढची बावीस निघाली असती का? मॅकडॅनियल चांगलाच, पण त्याच्या चाहत्यांना बाकीचे दिसतच नाहीत.

शिशिरऋतू
अॅव्हलोनचं श्रेय कुणी नाकारत नाही. पण 'मॉन्स्टर व्हील अफेअर'ची अनुक्रमणिका उघडा. प्रकरणांच्या शीर्षकांची पहिली अक्षरं ओळीने वाचली की वाक्य होतं: 'ए. ए. विन इज अ टाइटवाड'. विन म्हणजे एसचे मालक! आपल्याच प्रकाशकाला कंजूस म्हणणारं वाक्य त्याच्याच पुस्तकात त्याच्याच पैशाने छापून घेतलं. पाट्या टाकणारा लेखक एवढं डोकं चालवत नाही. हा माणूस १९७७ मध्ये गेला. मालिकेचा शेवट करणारी त्याची कादंबरी 'द फायनल अफेअर' एसने छापलीच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

गिरगावकर_जुना
हे अनुक्रमणिकेचं माहीत नव्हतं. माझ्याकडे ते पुस्तक आहे, आज रात्री काढून बघतो.

कोकणकडा
इंद्रजाल कॉमिक्समध्ये यातलं काही आलं होतं का? वेताळ आणि मँड्रेक मराठीत वाचल्याचं आठवतं.

शिशिरऋतू
अंकलची कॉमिक्स गोल्ड कीची. मुखपृष्ठावर मालिकेतल्या नटांचे फोटो. इंद्रजालचा धागा वेगळा काढा, इथे हरवेल.

धनुकली
ट्रेंटनकर आणि शिशिरऋतू, मनापासून आभार. परत पाठवत नाही, विक्रेत्याला तसं कळवलं. बाबांना दाखवलं, त्यांनी लगेच हातात घेतलं, आता मला वाचायला मिळेल तेव्हा मिळेल. 'डॅगर' नाव आणि लेखक लिहून वेगळं मागवते. ट्रेंटनकर, तुमच्याकडे जास्तीची प्रत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, टपालखर्च मी देईन. ब्रिटिश संचातलं 'फिंगर इन द स्काय' पुण्यात कुणाकडे असेल तर तेही सांगा.

वाचनवेडी
अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे विचारून बघा. जाताना नाव कागदावर इंग्रजीत लिहून न्या, तोंडी सांगितलं की ते भलतंच काढून देतात.

कोकणकडा
आणि घरी आणल्यावर डांबरगोळ्या.