ऊस वाहतुकीला डबल ट्रॉलीसाठी ट्रॅक्टर कोणता घ्यावा? (मदत हवी आहे)

येरळाकाठ:

मंडळी, नमस्कार. गाव कडेगाव तालुक्यात. टेंभू-ताकारीचं पाणी आल्यापासून आमच्याकडं ऊस वाढला, वाहनं मात्र तेवढी वाढली नाहीत. यंदा चुलतभाऊ आणि मी मिळून कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार करावा म्हणतोय. घरी ३५ एचपीचा जुना ट्रॅक्टर आहे. पेरणी, फवारणी, एका ट्रॉलीत शेणखत एवढ्याला तो ठीक, पण उसाच्या दोन ट्रॉल्या त्याला झेपणार नाहीत.

कारखाना घरापासून २२ किलोमीटर. रस्ता बराचसा डांबरी, पण भरलेली गाडी जाताना एक चांगलाच अंगावर येणारा चढ आहे आणि पुढं लगेच उतार. निम्मे फड काळ्या रानात, निम्मे माळावर. दोन नव्या ट्रॉल्या धरून पंधरा लाखांच्या आत बसवायचं आहे.

डोक्यात चार पर्याय आहेत. पन्नास एचपीच्या जरा खालचा, साध्या डिझेल पंपाचा नवा ट्रॅक्टर. ५५ ते ६० एचपीचा नवा (अर्जुन ६०५, जॉन डिअर ५३१०, न्यू हॉलंड ३६३० यांपैकी काहीतरी). किंवा २०२३ च्या आधीचा मोठा, सेकंड हँड. चौथा पर्याय चुलत्यांचा. ते म्हणतात, ट्रॅक्टरच्या नादाला लागूच नका, जुना ट्रक घ्या. शोरूमवाला अर्थातच सगळ्यात महागडा दाखवतोय. ज्यांनी प्रत्यक्ष खेपा केल्यात त्यांनी सांगा.

डिझेलपाना:

आधी पन्नासची भानगड सांगतो, कारण शोरूममध्ये ती अर्धीच सांगतात. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना धुराचे नवे नियम लागू झाले. नेमकी रेषा ३७ किलोवॉटची, म्हणजे साधारण ४९.६ एचपी. त्यामुळं त्यावरच्या गाड्यांत कॉमन रेल इंजिन (एकाच नळीतून जास्त दाबानं डिझेल देणारं), सेन्सर आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) आले. त्याखालच्या गाड्या जुन्या मेकॅनिकल पंपावरच चालू राहिल्या. बऱ्याच कंपन्यांचं एखादं मॉडेल ४९ च्या आसपास येऊन थांबतं ते उगाच नाही.

कॉमन रेल वाईट नाही. ओढ चांगली, धूर कमी. पण डिझेलमध्ये पाणी किंवा कचरा आला की तिला खपत नाही. हंगामात बॅरलमधून, कॅनमधून डिझेल ओतणारे असाल तर सवय बदलावी लागेल. गाडी फडात बंद पडली तर गावातला मिस्त्री पाना घेऊन येईल, पण तिला लॅपटॉप लागतो. तेव्हा सर्व्हिस सेंटर किती लांब आहे आणि हंगामात रात्री माणूस पाठवतात का, हे तुमच्या भागातल्या जुन्या गिऱ्हाइकाला विचारा. सेल्समनला विचारू नका.

किमतीचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. सेकंड हँडवाले अजून जुन्या हिशोबानं भाव सांगतात. नव्याचं कोटेशन हातात असल्याशिवाय त्यांच्याशी बोलू नका.

माळरान:

एचपीवर फार अडकू नका. तुमच्या चढाचा हिशोब मांडून बघू.

दोन ट्रॉल्यांत मिळून २० टन ऊस, ट्रॉल्यांचं वजन ५ टन, ट्रॅक्टर अडीच टन, एकूण साडेसत्तावीस. डांबरी रस्त्यावर नुसतं लोळायला वजनाच्या साधारण दोन टक्के ओढ लागते. शंभर मीटरला पाच मीटरचा चढ असेल तर आणखी पाच टक्के. म्हणजे चढावर जवळजवळ १९०० किलोची ओढ. तासाला सहा किलोमीटरनं चढलात तर त्याला ४२ एचपी पुरतात. पन्नासचं इंजिन खालच्या गिअरमध्ये एवढं काढतं.

आता टायर. टू व्हील ड्राइव्हमध्ये मागच्या चाकांवर साधारण दीड टन वजन असतं. चाकांत पाणी भरून, वजनं लावून ते दोन टनांवर नेलं तरी कोरड्या डांबरावर पकड मिळते १४०० किलोच्या आसपास. म्हणजे इंजिन दमायच्या आधी चाक जागेवर फिरणार, नाहीतर पुढचं तोंड उचलणार. तुम्ही ६० एचपी घेतला आणि त्याचंही वजन तेवढंच असलं, तर चाक फक्त जास्त जोरात फिरेल.

तेव्हा ब्रोशरमध्ये एचपीच्या खाली ट्रॅक्टरचं वजन, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) आणि मागच्या टायरचा साईज बघा. १४.९-२८ ऐवजी १६.९-२८ मिळत असेल तर तो घ्या. एका टायरमध्ये दोनशे लिटरच्या आसपास पाणी बसतं, फुकटचं वजन आहे ते. पुढं बंपरवर वजनं लावाच. ट्रॉलीची पिन खालच्या हूकलाच, थ्री पॉइंटला (अवजारं उचलायच्या जोडणीला) कधीही नाही.

आणि उसाचा आकडा २० वरून १२ वर आणा. तोच चढ १४०० किलोच्या आत येतो. मग हे वजन वाढवलेलं धूड चढेल.

काटापावती:

बाराचं गणित बरोबर आहे, पण वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात दादा, म्हणून सगळे कोंबतात. तरीही सांगतो, कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडचा दंड २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. तो कधी लागेल कधी नाही. एक्सल मात्र नक्की तुटतो, आणि तोही जानेवारीत, ऐन भरात.

चुलत्यांच्या ट्रकबद्दल: दहा चाकी ट्रकचं एकूण वजन कायद्यानं साडेअठ्ठावीस टनांपर्यंत चालतं, लांबच्या गेटकेनला (कारखान्याच्या हद्दीबाहेरच्या उसाला) तो परवडतो. पण काळ्या रानात ट्रक फडात उतरत नाही. मजुरांना मोळ्या बांधापर्यंत आणाव्या लागतात आणि टोळी कुरकुर करते. ट्रॅक्टरवाला एकेक ट्रॉली फडातून बाहेर काढतो आणि रस्त्यावर दोन्ही जोडतो. शिवाय हंगाम संपला की ट्रक दारात उभा राहतो, ट्रॅक्टर रोटाव्हेटर मारून चार पैसे आणतो. २२ किलोमीटरला ट्रॅक्टरच.

कागदांत एक गोष्ट बघा. ट्रॉलीला वेगळा नंबर लागतो आणि विम्यात ट्रॉल्यांचा उल्लेख हवा, दोन्हींचा. नुसत्या ट्रॅक्टरचा विमा काढून दोन ट्रॉल्या ओढल्या आणि अपघात झाला, तर भरपाईच्या वेळी कंपनी तेच दाखवते. ट्रॅक्टर शेतीसाठी पासिंग करून दुसऱ्याचा माल भाड्यानं ओढणार असाल तर त्याबद्दलही आधीच आरटीओत जाऊन लेखी विचारा.

आणि ट्रॅक्टरपेक्षा मोठी जोखीम मुकादमाची, म्हणजे तोडणीची टोळी आणणाऱ्याची. उचल (आगाऊ पैसे) घेऊन टोळी आलीच नाही, तर हप्ते तुमच्या बोकांडी. आमच्या भावकीत एकाचा ट्रॅक्टर असाच गेला. करार नोटरी करा, जुन्या वाहनमालकाकडं चौकशी करा, आणि सगळी उचल एकाच मुकादमाला देऊ नका.

उतारपट्टी:

सगळे चढाबद्दल बोलताय. मला उताराची भीती जास्त वाटते.

बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. वीस टन मागून ढकलत असताना अडीच टनांच्या ट्रॅक्टरला एकट्यालाच सगळं थांबवायचं असतं. जोरात ब्रेक मारला की मागची ट्रॉली तिरकी होऊन पुढच्याला मुडपते. म्हणून ऑईल ब्रेक (तेलात बुडालेल्या चकत्यांचे) असलेलीच गाडी घ्या. सेकंड हँड बघत असाल तर भरलेली ट्रॉली लावून उतारावर ट्रायल मागा. मालक तयार नसेल तर सोडून द्या.

चालवताना उतार सुरू व्हायच्या आधी गिअर पाडा. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून डिझेल वाचवणारा ड्रायव्हर असेल तर त्याला आजच नमस्कार करा. रानात डावा-उजवा ब्रेक वेगळा वापरतो आपण. रस्त्याला लागताना दोन्ही पेडल कडीनं जोडलेत का ते रोज बघा. नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून गाडी आडवी होते.

गिअरही मोजा. बारा किंवा पंधरा पुढचे गिअर असले की चढावर मधला एखादा हमखास जुळतो. आठ गिअरमध्ये एक फार हळू आणि पुढचा ओढत नाही असं होतं.

रिफ्लेक्टर हा शोभेचा विषय नाही. रात्री पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला अंधारात उभी असते आणि दुचाकीवाला मागून आत जातो, दर हंगामात ऐकतो आपण. मागं आणि दोन्ही बाजूंना लाल पट्टी, शिवाय केबिनपाशी दोन त्रिकोण कायम ठेवा.

येरळाकाठ:

सगळ्यांचे आभार. चुलत्यांना ट्रकचा हिशोब वाचून दाखवला. "बरं" म्हणाले, म्हणजे पटलंय.

माळरान, तुमच्या आकड्यांवरून दोन गोष्टी विचारतो. फोर बाय फोर (चारही चाकं ओढणारा) घेतला तर पकडीचा प्रश्न सुटेल का? आणि नव्या ट्रॉल्यांना ब्रेक बसवून मिळतात का, कुणी बसवलेत का?

माळरान:

बराचसा सुटतो, कारण पुढच्या वजनाचीही पकड मिळते. पण डांबरावर फोर व्हील कायम लावून ठेवायची नाही. पुढची चाकं जरा जास्त फिरतात, कोरड्या रस्त्यावर टायर खातात आणि गिअरबॉक्सवर ताण येतो. फडातून निघताना आणि त्या चढाला लावा, वर पोचलात की काढा. काळ्या रानात निम्मे फड आहेत म्हणताय, तर वरचे पैसे पहिल्या अवकाळी पावसातच वसूल होतील.

उतारपट्टी:

ट्रॉली बनवणाऱ्याला ऑर्डर देतानाच सांगितलं तर काहीजण बसवून देतात. निदान मागच्या ट्रॉलीला तरी बसवून घ्या, म्हणजे उतारावर ती मागून ताणून धरते आणि गाडी सरळ राहते. पुढच्याच ट्रॉलीला लावलात तर मागची ढकलायची ती ढकलणारच.

येरळाकाठ:

मग असं ठरवतोय: पन्नासच्या खालचा, साध्या पंपाचा, फोर बाय फोर, ऑईल ब्रेक, बारा गिअर, जड बॉडी. मागच्या ट्रॉलीला ब्रेक. उचल दोन मुकादमांत विभागून. रविवारी दोन शोरूममध्ये जाऊन भरलेल्या ट्रॉलीसह त्याच चढावर डेमो मागणार आहे. विटा किंवा पलूस भागात ४९ एचपीचा फोर बाय फोर उसाला वापरणारं कुणी असेल तर व्यनि करा, गाडी बघायला येतो.