अभियांत्रिकीचे प्रोजेक्ट: भुशाचा बोर्ड की फाटकासमोरचा रस्ता?

किंगसर्कलकर
मंडळी, मी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सतरा वर्षं शिकवतोय. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची यादी हातात आली की दरवर्षी तेच विषय: केळीच्या सोटापासून पार्टिकल बोर्ड (भुसा डिंकात दाबून केलेली फर्निचरची फळी), नारळाच्या काथ्यापासून, उसाच्या चिपाडापासून, भाताच्या तुसापासून. यंदा आमच्या विभागात असे पाच गट आहेत. पोरं मेहनती आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण पुढे काय होतं? वीतभर तुकडा तयार करायचा, तो वाकवून मोडायचा, दुसरा पाण्यात बुडवून किती फुगतो ते मोजायचं, अहवाल बांधायचा आणि उरलेले तुकडे कपाटात. आमच्या कपाटात २०११ पासूनचे तुकडे आहेत. एकालाही आजवर बिजागरी लागलेली नाही.

आणि फाटकाच्या बाहेर नाका आहे. फेब्रुवारीत दोन विद्यार्थ्यांना स्टॉपवॉच देऊन तिथे उभं केलं. रस्ता १८ मीटर रुंद. सिग्नलचा हिशेब करताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरायची पद्धत आहे, म्हणजे १५ सेकंद. पायी चालणाऱ्यांसाठी हिरवा दिवाही नेमका तेवढाच. भाजीची पिशवी घेतलेल्या एका आजींना पलीकडे जायला २६ सेकंद लागले. दुभाजकापाशी पोचल्या तेव्हा सेकंद संपत आले होते. दुभाजक जेमतेम फूटभर, त्यावर पिशवी घेऊन उभं राहता येत नाही. त्यांनी हात वर केला आणि तशाच चालत राहिल्या. माझ्या विद्यार्थिनीने स्टॉपवॉच खाली टाकून धाव घेतली.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. माझं स्पष्ट मत आहे: मुंबईतल्या सिव्हिल आणि मेकॅनिकल विभागांनी पुढची पाच वर्षं निम्मे प्रोजेक्ट रस्ता सुरक्षेला द्यावेत, आणि हे बोर्डाचे प्रोजेक्ट सरळ बंद करावेत. तुम्हाला काय वाटतं?

पऱ्हाटी
सर, आजींचं वाचून पोटात गोळा आला. तरीही "सरळ बंद करावेत" याला माझा ठाम विरोध.

मी भांडुपला राहतो, घर यवतमाळ जिल्ह्यात. आमच्याकडे कापूस वेचून झाला की शेतात उभी राहते ती पऱ्हाटी. थोडी सरपणाला जाते, बाकी बांधावर ढीग करून पेटवतात. ती शेतात ठेवता येत नाही, कारण गुलाबी बोंडअळी त्यातल्या किडक्या बोंडांत तग धरून राहते आणि पुढच्या हंगामात परत येते. कृषी खातं दरवर्षी सांगतं, पऱ्हाटीची विल्हेवाट लावा. उपटायची मजुरी पदरची, हातात येते राख. हेक्टरी दोन-तीन टन माल निघतो हा.

तुमच्या किंग सर्कलपासून चालत जाता येईल अशी माटुंग्याची कापूस संशोधन संस्था १९२४ पासून आहे. पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करण्याचं तंत्र त्यांनी बसवलंय, नागपुरात त्याचा प्रात्यक्षिकाचा छोटा कारखानाही उभा केला. म्हणजे काम पोकळ नाही. अडतं ते पुढे. पऱ्हाटी ट्रकमध्ये भरली की ट्रक दिसतो भरलेला, पण वजनाच्या मानाने रिकामाच. शेतातच तिचे तुकडे करता आले तर वाहतुकीचं गणित बसतं. सालीचे धागे यंत्राच्या पात्याला गुंडाळतात आणि यंत्र बंद पडतं. हा अस्सल मेकॅनिकलचा प्रश्न आहे आणि तो सोडवायला पोरंच हवीत. माझे बाबा अजून काडीच लावतात, सर.

सुताराची लेक
जोगेश्वरीला आमचं वर्कशॉप आहे, बाबांचं आणि आता माझं. मी किंगसर्कलकरांच्या बाजूने, पण कारण वेगळं.

पार्टिकलची ट्रॉली मुंबईच्या स्वयंपाकघरात कशी जाते ते मी रोज बघते. बोर्ड मधून कुजत नाही, तो कडेने जातो. सिंकखालच्या कपाटाची खालची कड, जिथे कडेवर चिकटवलेली एज बँडिंगची पट्टी सुटलेली असते, तिथून पाणी शिरतं. जुलैपर्यंत ती कड चहात बुडवलेल्या खारीसारखी होते: फुगलेली, पदर सुटलेले, बोटाने दाबलं की भुसा हाताला लागतो. मग बिजागरीचा स्क्रू जागा सोडतो, दार लोंबतं आणि गिऱ्हाईक आमच्या नावाने बोटं मोडतं.

पोरं काय मोजतात? तुकडा वाकवून कितीला मोडतो ते. अहो, कपाटाचं दार कोणी वाकवतं का? तोच स्क्रू तीनदा काढून परत बसवला तर धरतो का, ते मोजा. कापलेल्या कडेतून पाणी किती चढतं ते मोजा. आणि तो वास. बहुतेक स्वस्त बोर्डांत युरिया-फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला २००४ मध्ये माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. दमट हवेत बोर्डातून ते जास्त सुटतं, आणि आमच्याकडे चार महिने दमट नसतं तर काय असतं? दहा बाय दहाच्या खोलीत पलंग, कपाट, अभ्यासाचं टेबल, सगळं त्याच बोर्डाचं आणि खिडकी बंद. पऱ्हाटीदादा, काडी पऱ्हाटीची असली तरी डिंक तोच असेल तर माझ्या कारागिराच्या डोळ्यांना काय फरक पडला?

पऱ्हाटी
ताई, मान्य. डिंक बदलायलाच हवा. पण त्यासाठीही प्रोजेक्टच लागणार ना?

निवृत्त उपअभियंता
रस्त्यांच्या कामात ३१ वर्षं काढली. किंगसर्कलकर, मी तुमच्या विरोधात आहे.

रस्ता सुरक्षेत विद्यार्थ्यांनी नवीन शोधण्यासारखं फारसं उरलेलं नाही. करायचं राहिलंय, शोधायचं नाही. साधा गतिरोधक घ्या. तो कसा असावा हे इंडियन रोड्स काँग्रेसने, म्हणजे रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या संस्थेने, १९८८ सालीच छापलंय: गोलसर उंचवटा, रुंदी ३.७ मीटर, मधे उंची १० सेंटिमीटर. ताशी २५ किलोमीटरने गाडी त्यावरून अलगद जाते. आता तुमच्या गल्लीत टेप घेऊन जा. अर्धा मीटरही रुंद नसलेला, रंग उडालेला डांबराचा ढिगारा सापडेल. माझी मामी अशाच एका ढिगाऱ्यावर स्कूटरवरून मागच्या मागे पडली. मामा जेमतेम वीसच्या वेगात होते. ती गेली, याला आता नऊ वर्षं झाली. तिच्यासाठी कोणतं संशोधन कमी पडलं होतं? माप छापलेलं होतं, ते कोणी पाळलं नाही.

कायदाही आहे. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत कलम १९८अ आलं. रस्त्याच्या रचनेतल्या किंवा देखभालीतल्या दोषामुळे माणूस मेला किंवा अपंग झाला, तर जबाबदार यंत्रणेला, कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड. तुमच्या पोरांचे सर्वेक्षण अहवालही त्याच कपाटात, बोर्डाच्या तुकड्यांशेजारी जाऊन बसतील. बोर्डात निदान काहीतरी अजून माहीत व्हायचं आहे.

किंगसर्कलकर
साहेब, मामींचं वाचून दोन दिवस उत्तर लिहिता आलं नाही.

तुमचा मुद्दा अर्धा पटला. माप ठाऊक आहे हे खरं. पण आजींचे २६ सेकंद कोणत्याही पुस्तकात नव्हते. १.२ मीटर ही सर्वसाधारण माणसाची चाल झाली. आमच्या नाक्यावर सकाळी दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसं जास्त, दुपारी शाळेची पोरं. तिथली खरी चाल कोणी मोजायची? हे काम आमचंच.

आयआयटी दिल्लीचे प्रा. दिनेश मोहन २०२१ मध्ये गेले. रस्ता सुरक्षेतलं आपल्याकडचं मोठं नाव. त्यांनी हरियाणातल्या कुट्टी यंत्रांवरही काम केलं. चारा तोडताना लहान पोरांची बोटं, हात तुटत होते. त्यांनी गावात जाऊन आधी कोणाला, कसं, केव्हा लागतं ते मोजलं, मग चाकाला अडसर, पात्याच्या पुढे हाताला आधीच जाणवेल असा रूळ, असे साधे आणि स्वस्त बदल सुचवले. लोखंड तेच, यंत्रही तेच. मला माझ्या पोरांकडून हे हवंय.

वरोऱ्याचा
दोन्ही बाजू एकमेकांसमोर का उभ्या केल्यात तेच कळेना. आमच्याकडे वणी-वरोरा महामार्गावर २०२३ मध्ये २०० मीटर लांबीचा बांबूचा क्रॅश बॅरियर, म्हणजे घसरलेली गाडी अडवणारा कडेचा कठडा, बसवला, 'बाहु बल्ली' नावाचा. बांबू टिकावा म्हणून त्यावर क्रिओसोट तेलाची प्रक्रिया, वरून पुनर्वापर केलेल्या प्लॅस्टिकचा थर. गाडी धडकवण्याची चाचणी पीठमपूरला झाली, आगीची रुरकीला. वनस्पतीचा माल आणि रस्त्याची सुरक्षा एकाच जागी. शिवाय लोखंडी पत्रे भंगारात विकायला काढून नेतात, बांबू कोण नेणार?

निवृत्त उपअभियंता
उपक्रम चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण चाचणीच्या दिवशी बॅरियर नवाकोरा असतो. गाडीचा वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, तिथे बांबूच्या ताकदीत थोडीशी घटही महागात पडते. पाच पावसाळे खाल्लेला तुकडा काढून परत धडकवून बघायला हवा. आणि क्रिओसोट हे डांबरकुळातलं रसायन आहे, ते जमिनीत किती झिरपतं हेही पाहावं लागेल. हा मात्र विद्यार्थ्यांना देण्याजोगा विषय आहे, हे कबूल करतो.

फुलबाजार
मी दादरला, पहाटेपासून बाजारात. मोठं काही कळत नाही, एक सांगते. पावसाळ्याआधी झाडांच्या फांद्या छाटतात ना, त्या फुटपाथवर टाकून ठेवतात. आठ-आठ दिवस. त्याच्या शेजारी शहाळ्यांची टरफलं. मग माणसं रस्त्यावर उतरतात आणि बस अंगाला घासून जाते. परवा एक बाई कडेवर बाळ घेऊन त्या ढिगाला वळसा घालत होती, मागून टेम्पो. मी फुलांची पाटी टाकून ओरडले तेव्हा तिने मान वळवली. तुमचा कचरा आणि तुमचा रस्ता आमच्याकडे एकाच जागी असतो.

किंगसर्कलकर
ताई, तुमचा प्रतिसाद सकाळी विभागात वाचून दाखवला.

"सरळ बंद करावेत" हे माझं म्हणणं मागे घेतो. पऱ्हाटीदादा, तुम्ही बरोबर होतात. निम्मे प्रोजेक्ट रस्त्याला द्यावेत हे मात्र सोडत नाही. यंदा दोन गट बदलले. एक गट मेपासून आमच्या वॉर्डात फांद्यांचे आणि टरफलांचे ढीग किती दिवस पडून राहतात, त्या जागी किती माणसं फुटपाथ सोडून उतरतात, हे रोज सकाळ-संध्याकाळ मोजेल. दुसरा गट त्याच ढिगातल्या फांद्यांचा बोर्ड करेल, युरिया-फॉर्मल्डिहाइड न वापरता. जमेल का, माहीत नाही. आजींच्या सिग्नलचे सेकंद तीन वेगवेगळ्या वेळी मोजून अर्ज देतोय. उपअभियंता साहेब, मसुदा तुम्हाला पाठवला तर तपासाल का?

निवृत्त उपअभियंता
पाठवा. अर्जात दुभाजकाची रुंदी टाकायला विसरू नका. सेकंद वाढवून मिळाले नाहीत, तर मधे उभं राहायची जागा तरी मागता येईल.

पऱ्हाटी
सर, फांद्यांसोबत पऱ्हाटीही घ्या. दिवाळीला घरी जातोय, तेव्हा नुकती कुठे वेचणी चालू असते, पण संक्रांतीला परत जाईन तेव्हा दोन गठ्ठे रेल्वेने आणतो. बाबांना सांगितलंय, या वर्षी निदान एका ओळीची पऱ्हाटी पेटवू नका.

सुताराची लेक
तुकडा वीतभर नको. १८ मिलिमीटर जाडीचा, दीड फूट बाय दोन फूट करा आणि माझ्याकडे आणून द्या. पट्टी न लावता, कड उघडी ठेवून आमच्याच वर्कशॉपच्या सिंकखाली दार म्हणून बसवते. मृगाला लावीन, दसऱ्याला काढीन. स्क्रू दर रविवारी उघडून परत आवळेन आणि वहीत लिहीन.