चाळिशीनंतर नवीन वाचायचं कशाला? जुनंच परत वाचा की!

पायचीत :
मुद्दा सरळ मांडतो, मग काय ते हाणा. वय वाढेल तसं नवीन पुस्तकांमागे धावणं सोडून जे एकदा आवडलंय तेच परत वाचावं असं माझं ठाम मत झालंय, खासकरून कवितेच्या बाबतीत. विशीत आपण कविता वाचतो ती निम्मी कुणाला तरी ऐकवायला. माझ्याकडच्या एका जुन्या संग्रहात मी तेव्हा पेन्सिलने रेघा मारल्यात, सगळ्या प्रेमाच्या ओळींखाली, आणि त्याच पानावर बापाच्या हातांवर दोन ओळी आहेत त्या तशाच कोऱ्या. आता ते पान उघडलं की मी त्या दोनच वाचतो.
खेळाचंही तेच. १४ ऑगस्ट १९४८, ओव्हल, ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमनला शेवटच्या टेस्ट डावात सरासरी १०० व्हायला फक्त ४ रन हवे होते आणि इंग्लंडच्या हॉलीजच्या गुगलीवर दुसऱ्याच बॉलला बोल्ड, शून्य. ९९.९४ हा आकडा पोराटोरांना पाठ आहे. तरी ती क्लिप दिसली की मी बघतोच आणि दरवेळी वाटतं आज तरी बॅट लागेल. निकाल माहीत असला म्हणून काय बिघडतं?

कोरी_वही :
बिघडतं की! क्लिप काही सेकंदांची असते हो, अख्खी मॅच परत बघून दाखवा. २००८ ची विम्बल्डन फायनल, फेडरर-नदाल, ४ तास ४८ मिनिटं, मध्ये पाऊस. चौथ्या सेटच्या टायब्रेकला नदाल ५-२ ने पुढे आणि तिथे डबल फॉल्ट, मग ८-७ ला नदालला मॅच पॉइंट आणि फेडररने बॅकहँड सरळ लाइनवरून काढला, तेव्हा मी खुर्चीत नव्हतेच, टीव्हीसमोर उभी होते. नंतर तीच मॅच रेकॉर्डेड बघितली तर त्याच टायब्रेकला मी मोबाइल चाळत होते. पुढचं माहीत नसणं हीच तर मजा. फक्त आवडलेलंच परत वाचणाऱ्यांना खरं म्हणजे कंटाळा यायची भीती वाटते असं माझं मत. आणि तुमचा तो संग्रह तुम्ही पहिल्यांदा उघडला तेव्हा तो नवीनच होता ना? आज लिहिणाऱ्या पोरापोरींना मग वाचायचं कोणी?

आडवी_बॅट :
तुम्ही दोघंही बघे आहात, सॉरी पण आहात :) खेळणाऱ्याला नवीन-जुनं असं काही नसतंच, तोच सर्व्ह, तोच ड्रॉप, तेच दुखणारं गुडघं, आणि तरी रोज सकाळी जातोच. मी पळताना मनात कविता म्हणतो (मोठ्याने म्हटली तर लोक वेड्यात काढतील) आणि अष्टाक्षरी (ओळीत आठ अक्षरं) पायांना बरोबर बसते, चार पावलं, श्वास, चार पावलं. मुक्तछंद मला वाचायला जास्त आवडतो पण पळताना त्याची एक ओळ धड आठवत नाही. पाठ झाल्याशिवाय कविता आपली होत नाही, आणि परत परत म्हटल्याशिवाय पाठ कशी होणार? पायचीतला माझं मत.

पायचीत :
धन्यवाद! बहिणाबाई चौधरींचंच बघा ना, लिहिता-वाचता येत नव्हतं, कामं करता करता रचायच्या आणि म्हणायच्या. घरच्यांनी ऐकून टिपून ठेवलं म्हणून राहिलं, पुस्तक आलं १९५२ ला, त्या गेल्यावर. तोंडात घोळत राहिली तीच कविता टिकली.

कोरी_वही :
अहो पण ती वही अत्र्यांनी वाचली म्हणून आपल्यापर्यंत आली! जिचं नावही कुणी ऐकलं नव्हतं अशा बाईच्या कविता. ते म्हणाले असते की मी आता फक्त जुनंच परत वाचतो, तर? अत्रे १८९८ चे, म्हणजे तेव्हा पन्नाशी उलटून गेली होती. तुमच्या नियमाने त्यांची मुदत कधीच संपलेली.

रात्रपाळी :
भांडण वाचायला मजा येतेय पण इथे नवीन-जुनं सोडा, दोन पानं सलग होत नाहीत. कामावरून आलं की पुस्तक पोटावर उघडं आणि डोळे बंद. कविता मोबाइलच्या एका स्क्रीनमध्ये मावते म्हणून वाचतो, मॅचचे हायलाइट्स बघतो, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

आडवी_बॅट :
@रात्रपाळी कमीपणा नाहीच, पण हायलाइट्समध्ये सोडलेले बॉल नसतात. ऑफ स्टंपबाहेरचे वीस बॉल सोडून एकविसाव्याला कड लागते तेव्हा ते वीस बघितलेल्यालाच कळतं तो का फसला. कविता छोटी असते म्हणजे ती हायलाइट नव्हे, तिच्यात सोडलेले बॉलसुद्धा असतात.

रात्रपाळी :
मान्य, पण वीस बॉल बघायला सुट्टी कोण देणार, तुम्ही?

पायचीत :
@कोरी_वही अत्रे संपादक होते, नवं शोधणं हा त्यांचा धंदाच. मी साधा वाचक, मला उरलेल्या वेळाचा हिशोब बघावा लागतो. बरं, एखादा नवा कवी सुचवा, वाचतो. नाही आवडला तर तिसऱ्या पानावर बंद.

कोरी_वही :
तिसऱ्या नाही, तिसाव्या. टेस्टमध्ये पहिल्या तासाला विकेट नाही पडली तर टीव्ही बंद करता का?

पायचीत :
हल्ली तर टॉस हरलो की करतो.