मदत हवी आहे: जर्मनीत नवी गाडी घेऊन स्वित्झर्लंडला न्यायची आहे, १९ टक्के व्हॅटचं काय?

नमस्कार मंडळी,

आम्ही चार वर्षं श्टुटगार्टला आहोत. नवऱ्याला झुरिकला नोकरी लागली आहे, दोन महिन्यांत बाडबिस्तरा हलवायचा आहे. इतकी वर्षं गाडीवाचून काही अडलं नाही, पण आता लेक झाली, नाशिकहून आईबाबाही येणार, म्हणून एक पेट्रोल गाडी इथेच पसंत केली आहे.

मूळ किंमत ३५,००० युरो, व्हॅट ६,६५०, एकूण ४१,६५०. सेल्समनला म्हटलं, गाडी देशाबाहेर जाणार तर हा कर कशाला? त्याने पेनाने ६,६५० भोवती गोल काढला आणि म्हणाला, आधी सगळे भरा, कस्टम्सचा निर्यातीचा कागद आला की एवढे परत. मग पत्त्याचा दाखला मागितला. श्टुटगार्टचा पत्ता बघितल्यावर चेहराच पडला. "मॅनेजरला विचारतो." आठ दिवस झाले, अजून विचारतोयच.

आमचा पत्ता इथला असणं आड येतं का? तिकडे किती भरावं लागेल? आणि घरसामानाबरोबर नेली तर करमाफी मिळते असं ऑफिसात कोणीतरी म्हणालं, ते खरं का?

आगाऊ धन्यवाद!

राइनकाठचा:
ताई, सेल्समन उगाच चाचरत नाहीये. सगळी मेख गाडी सीमेपार कोण नेतं यात आहे. तुम्ही स्वतः चालवत नेणार असाल, तर गाडी ताब्यात घेताना तुमचं वास्तव्य परदेशात हवं. श्टुटगार्टचा पत्ता असताना किल्ली घेतलीत तर निर्यात होऊनही ६,६५० गेले. पण डीलरने स्वतः किंवा त्याने ठरवलेल्या वाहतूकदाराने गाडी स्वित्झर्लंडला पोचवली, तर तुम्ही कुठे राहता याने फरक पडत नाही. नाहीतर आधी आबमेल्डुंग करा, म्हणजे इथला पत्ता रद्द करून घ्या, झुरिकला नाव नोंदवा आणि मग येऊन गाडी उचला.

परताव्याचा शब्द तोंडी घेऊ नका, करारात लिहून घ्या. गाडी बाहेर पडल्याचा कस्टम्सचा कागद, म्हणजे आउसगांग्सफेरमेर्क, हातात आल्याशिवाय कुठलाच डीलर पैसे सोडत नाही. त्याच्या जागी मीही सोडले नसते.

पोहेवाली:
घरसामानाचं खरं आहे, पण गाडी निदान सहा महिने स्वतः वापरलेली लागते. दोन महिन्यांत निघताय, तेव्हा विसरा.

तिकडचा हिशेब: १ जानेवारी २०२४ पासून औद्योगिक मालावरची जकात गेली. उरला ४ टक्के मोटारकर, म्हणजे १,४००. मग मूळ किंमत आणि मोटारकर यांच्या बेरजेवर ८.१ टक्के व्हॅट, साधारण २,९५०. (मी सगळं युरोतच धरलंय, फ्रँकचं तुम्ही बघा.) वाचले २,३०० च्या आसपास, ६,६५० नव्हे! शिवाय नवी पेट्रोल गाडी खाजगीरीत्या आणली की कार्बन उत्सर्जनानुसार वेगळी आकारणी लागू शकते आणि ती भरल्याशिवाय नंबरप्लेट मिळत नाही. गाडीचा सीओसी दाखला (कंपनी देते ते तांत्रिक माहितीचं प्रमाणपत्र) बघून तो आकडा आधी काढा. आमच्या ओळखीत एकाची सगळी बचत त्यातच गेली.

आणि शनिवार-रविवारचा बेत नको. सीमेवरच्या टायंगनच्या नाक्यावर गाडीची नोंद मालवाहतुकीच्या खिडकीवर होते, ती तेव्हा बंद असते. तिथला १३.२० ए नंबरचा फॉर्म जपून ठेवा, पासिंगला तोच लागतो.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार! आत्ताच डीलरला फोन केला. पोचवायचे ७५० म्हणतोय, वर "हे आधी का नाही सांगितलंत?" २,३०० मधून ७५० वजा, त्यात ती कार्बनची आकारणी. सीओसीची प्रत मागवली आहे. आकडा मोठा निघाला तर झुरिकच्याच शोरूममध्ये जाते सरळ.